खुर्च्यांच्या फाइलमधली कविता

मी कविता ऑफिसात लिहिते. घरी वेळ नसतो असं नाही, पण घरी वही सापडते. एकदा नवऱ्यानं पाहुण्यांसमोर ती उघडून दोन कविता मोठ्यानं वाचल्या, तेही कौतुकानं. त्या दिवसापासून घरात वही नाही.

केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात मी अवर सचिव आहे. आमच्या फायली आता कंप्युटरवर चालतात. टिप्पणी लिहायला आधी पिवळं पान उघडतं. त्यावर काहीही खरडा, पुसा, पुन्हा लिहा. ‘कन्फर्म’ दाबलं की पान हिरवं होतं. हिरवं पान मग कुणालाच पुसता येत नाही, सचिवांनाही नाही. फाइल असेपर्यंत ते असतं.

माझ्या कविता त्या पिवळ्या पानावर झाल्या. वर कामाची टिप्पणी, खाली चार ओळी जागा सोडून कविता. कुणी खोलीत आलं की पडद्यावर सरकारी मजकूर दिसतो. कविता नीट झाली की पर्समधल्या छोट्या डायरीत उतरवायची, पिवळ्या पानावरून पुसायची, मगच फाइल पुढे. लिहिण्याची रीतही फाइलचीच: आधी वस्तुस्थिती, मत सगळ्यात शेवटी, विशेषणं जमतील तितकी काढायची. का लिहिते, असं कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की डोक्यातली गोष्ट निकालात काढायला. लिहिली की संपली. असं मला खरंच वाटायचं.

ही गोष्ट चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातली. मोडक्या खुर्च्या निकाली काढायची फाइल माझ्याकडे होती. तिच्या पोटात गेले काही दिवस एक कविता चालली होती:

साबण फिरतो, हात थांबतो.
डाव्या बाजूला, काखेजवळ,
वाटाण्याएवढं कुणीतरी
न विचारता राहायला आलंय.
राहू दे. घर मोठं आहे.
भाडेकरू काय, येतात, जातात.

गाठ लागून तीन आठवडे झाले होते. कुणाला बोलले नव्हते. आमच्या घरी सगळ्यांची दुखणी मी सांभाळते. माझं कुणाला सांगायचं, हे मलाच ठाऊक नव्हतं.

मंगळवारी दुपारी आमच्या सेक्शनमधले सहायक दारात उभे राहिले. “मैडम, कुर्सियों वाली फाइल निकाल दीजिए. कॉरिडोर में चलने की जगह नहीं है. आज मैं एक टूटी कुर्सी पर बैठ भी गया.”

“लागलं का?” मी मराठीतच विचारलं. माझ्यासोबतच्या चौदा वर्षांत त्यांना तेवढं समजायला लागलंय.

“इज्जत को लगी.”

मी हसले, कन्फर्म दाबलं आणि फाइल पुढे पाठवली. ते गेले. मी डायरी काढली, कविता उतरवायला पिवळं पान शोधलं. ते नव्हतंच.

हिरव्या पानावर खुर्च्यांचा तपशील होता, त्याखाली ‘अनुमोदनार्थ प्रस्तुत’, आणि त्याखाली माझी गाठ.

समोरच्यानं उघडली नसेल तर फाइल परत ओढता येते. मी ते बटण शोधलं. बटण नव्हतं. म्हणजे फाइल उघडली गेली होती.

उघडणाऱ्या आमच्या संचालक. हिंदीभाषक असत्या तर मी तितकी घाबरले नसते. काहीतरी चुकून चिकटलंय म्हणून त्यांनी सोडून दिलं असतं. पण त्या नागपूरच्या. ऑफिसात आम्ही एकमेकींशी कटाक्षानं हिंदीत बोलायचो, नाहीतर दुसऱ्या दिवशी ‘मराठी लॉबी’ अशी कुजबुज सुरू. वयानं माझ्याहून आठ वर्षांनी लहान, कामाला कडक. त्यांनी न बघता सही केली तर फाइल संयुक्त सचिवांकडे. बघून केली तर काय, ते मला सुचेना.

पाच वाजेपर्यंत मी दर दहा मिनिटांनी फाइल कुठे आहे ते पाहत होते. त्यांच्याकडेच होती. एकदा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि पाणी प्यायला आल्यासारखं करून परतले. शिक्षेची भीती होतीच, मेमो, हसं, सगळं. पण मेट्रोनं नोएडाला घरी जाताना कळलं की खरी भीती मेमोची नाही. आतापर्यंत गाठ फक्त कवितेत होती. आता ती रेकॉर्डवर होती.

घरी भेंडी चिरताना सुरी थांबत होती. नवरा हेडफोन कानावर ठेवूनच स्वयंपाकघरात आला.

“काय झालं?”

“काही नाही. खुर्च्यांची फाइल आहे एक.”

“यार, तू खुर्च्यांचं टेन्शन घेतेस? बसू दे त्यांना.” स्वतःच्या विनोदावर हसून तो परत कॉलवर गेला. सांगायची वेळ होती ती. मी भेंडी चिरली.

बुधवारी सकाळी फाइल माझ्याकडे परत आली होती. खाली तीनच शब्द: ‘कृपया चर्चा करें’.

हे शब्द मी स्वतः शेकडो फायलींवर लिहिलेत. समोरच्याला खोलीत बोलवायचं आहे, पण का, ते कागदावर नको, इतकाच त्यांचा अर्थ. त्या दिवशी ते माझ्यासाठी होते. मी वही घेतली, पेन घेतलं, दोन्ही टेबलावर विसरले आणि गेले.

त्यांनी दार लावायला सांगितलं. मग मराठीत म्हणाल्या, “बसा, ताई. ही खुर्ची धड आहे.”

मी बसले. “मॅडम, चूक झाली. पुन्हा होणार नाही.”

“कधी लागली हाताला?”

मला वाटलं होतं त्या आधी फाइलचं बोलतील. “तीन आठवडे झाले.”

“डॉक्टर?”

“नाही.”

“घरी?”

मी नकारार्थी मान हलवली.

“कवितेचे खर्डे किती झाले?”

“सात.”

“सात खर्डे,” त्या म्हणाल्या, “आणि एक फोन नाही.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “पहिल्या चार ओळी वाचून मी काल जेवू शकले नाही. शेवटच्या दोन खोट्या आहेत. म्हणे घर मोठं आहे! इतकं व्यवस्थित लिहिणारी बाई असं लिहिते, म्हणजे ती किती घाबरलीय ते कळतं.”

कुणी माझ्या कवितेवर इतकं खरं बोललं नव्हतं. मला राग आला. त्यांनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. मी दवाखान्याचा नंबर लावला. पलीकडच्या मुलीनं नाव, वय, तक्रार विचारली. तक्रार सांगायला मला दोनदा सुरुवात करावी लागली. शुक्रवार, सकाळी साडेनऊ.

उठताना मी विचारलं, “फाइलचं काय करायचं, मॅडम?”

“हिरवं पान कसं पुसणार? राहू दे. खाली लिहा, चर्चा झाली. खुर्च्यांना मंजुरी मी माझ्याच पातळीवर देते, फाइल वर जायला नको. कवितेला नाही. शेवट नीट करून आणा.”

पुढचं थोडक्यात सांगते. गाठ साधी नव्हती. ती काढली, उपचार लांबले, मी परत कामावर आले. अजून दर सहा महिन्यांनी तपासणीला जाते. शेवट मी चार वेळा बदलला. त्यांनी अजून मंजूर केलेला नाही.

पण त्या बुधवारचं अवघड काम दवाखान्याच्या फोनचं नव्हतं. जागेवर येऊन मी ‘चर्चा की गई’ टाइप केलं, खाली आणखी काही राहिलं नाही ना ते दोनदा पाहिलं, आणि कन्फर्म दाबलं. मग मोबाइल घेऊन कॉरिडोरमध्ये गेले. तिथं अजून त्या खुर्च्या होत्या. त्यातली एक चाचपून पाहिली, बसले आणि नवऱ्याला फोन लावला.

“बोल पटकन, कॉल आहे,” तो म्हणाला.

“कॉल सोड,” मी म्हणाले. “काल खुर्च्यांचं म्हणाले ना, ते खुर्च्यांचं नव्हतं.”