इकडील सर्व खुशाल

"मी इथी आहो ना! मले इचारा!" असं म्हणताना ती माझ्या टेबलावर तळहात आपटायची आणि दौतीतली शाई उडून हजेरीपटावर पडायची. त्या वर्षीचा हजेरीपट कुणी उघडून पाहिला तर ती कोणकोणत्या दिवशी शाळेत येऊन गेली ते डागांवरून सहज सांगता येईल.

आलापल्लीच्या पुढं, जंगलातल्या एका गावात मी तेव्हा गुरुजी होतो. शाळा माझ्याकडं आणि टपालही माझ्याकडंच, त्यामुळं ज्यांना अक्षर येत नाही त्यांची पत्रंही मीच लिहायचो. तिचा नवरा फौजेत होता. दोन देशांच्या भांडणात मधे उभं राहायला त्याची पलटण समुद्रापलीकडं गाझाला गेली होती. गावानं त्या गाझाचं गांजा करून टाकलं. 'फौजी गांजात गेला' असं कुणी म्हटलं की पारावर हशा पिकायचा, आणि डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन चाललेली ती तिथंच थांबून एकेकाचा उद्धार करायची. घरी चार वर्षांची सकू, दीड वर्षाचा धाकटा आणि म्हातारा सासरा.

तिचा राग कशावर होता ते सांगतो. कोतवाल दारात आला की विचारायचा, "मालक कुठी आहे?" देवी टोचणारा आला की म्हणायचा, मालकाला बोलवा. मीसुद्धा शाळेत नाव घालताना बापालाच विचारायचो. "मालक गांजात आहे," ती म्हणायची. "मी इथी आहो ना! मले इचारा!" आम्ही हसायचो. तुम्हीही हसला असता.

वैशाखात गावात गोवर आला. तिची दोन्ही पोरं एकदम आडवी झाली. धाकटा आठ दिवसांत उठून बसला, पण सकूचे कान वाहायला लागले आणि ताप काही उतरेना. एके दिवशी ही बाई धाकट्याला पाठीशी बांधून, सकूला काखेत घेऊन सागवानाच्या ट्रकपुढं रस्त्यात उभी राहिली. ड्रायव्हर ओरडला, "बाई, मराचं आहे का?"

"तुह्याच गाडीत बसून मराचं आहे. दार उघड."

ड्रायव्हरनं मुकाट्यानं दार उघडलं आणि तिला दवाखान्यापर्यंत पोचवलं.

तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, कानामागं पू साचतोय. पोरीला नागपूरला न्या, तिथं कापून पू काढतील. पावसाचं पाणी लागून वाट बंद व्हायच्या आत न्या, नाहीतर कान जातील. आणि कापायचं तर बापाची सही लागेल, बाप नसेल तर आजाची.

"मायचा अंगठा नाई चालत?" तिनं विचारलं.

नाही म्हणाले. इतके दिवस पोरीच्या उशाशी जी बसली तिचा अंगठा चालत नव्हता आणि समुद्रापलीकडच्या माणसाची सही चालत होती. हे लिहिताना आजही माझी कानशिलं तापतात, पण त्या दिवशी मलाही ते रीतसरच वाटलं होतं.

सासरा माणूस वाईट नव्हता. बोडीत, म्हणजे गावतळ्यात, जाळं टाकून आणलेल्या माशाचा मऊ तुकडा तो आधी सकूच्या ताटात ठेवायचा. पण कापणं म्हटल्यावर तो घाबरला. "माह्या पोराचा कागद येऊ दे," म्हणाला, "मंग बंडी जुपतो."

म्हणून नवऱ्याला पत्र लिहून घ्यायला ती माझ्याकडं आली. टेबलावर हात न आपटता, अगदी हळू सांगू लागली. पोरीचे कान वाहून राह्यले, डॉक्टरनं असं असं सांगितलं, तुमी मामाजीले, तुमच्या बापाले, दोन ओळी लिवा का नागपूरले न्या, पाणी लागाच्या आधी लिवा. मी टिपून घेतलं आणि म्हटलं, उद्यापर्यंत नीट लिहून ठेवतो.

ती जाते न जाते तोच सासरा आला. "गुरुजी, पोरगा परमुलखात बंदूक घेऊन उभा आहे. हे वाचून त्याचं चित्त ठिकाणावर राहीन का? पोट्टीचे कान का, दोन दिवसात सुकतीन. तुमी आपलं खुशाल लिवा."

मला ते पटलं. तेवीस वर्षांचा होतो, गावात एकटा शिकलेला, कुणाला काय कळावं आणि काय कळू नये हे ठरवायची मला सवय लागली होती. त्या शहाण्या पोराच्या कानफटात द्यावी असं मला अजून वाटतं. मी तिचं टिपण बाजूला ठेवून पत्र लिहिलं. इकडील सर्व खुशाल असून तुमची खुशाली कळवावी. तीन ओळी.

दुसऱ्या दिवशी ती आली आणि म्हणाली, "वाचून दाखवा." मी तीन ओळींचा कागद समोर धरला आणि तिचं सगळं सांगणं पाठ असल्यासारखं म्हणून दाखवलं. वाहणारे कान, नागपूर, पाणी लागायच्या आधी. प्रत्येक वाक्याला ती मान डोलावत होती. शेवटी म्हणाली, "हो. असंच."

मग ती उत्तराची वाट पाहत राहिली. आषाढात पाणी लागलं, नाल्यावरची वाट बंद झाली, ट्रक बंद झाले, आणि त्यानंतर नवऱ्याचं पत्र आलं. तुमची खुशाली वाचून आनंद झाला, पोरांना मुके.

"पोरीच्या कानाचं?"

"त्याबद्दल काही नाही."

"माणूस आहे का गोटा!" ती ओरडली. पावसाळाभर तिनं त्या माणसाला शिव्या घातल्या आणि मी त्या ऐकून घेतल्या. दर खेपेला वाटायचं, आता सांगून टाकावं. दर खेपेला भ्यालो आणि पुढच्या पत्रातही खुशालच लिहिलं. भाताच्या रोवणीच्या दिवसांत कधीतरी सकू हाक मारली तरी मागं वळून बघेनाशी झाली.

पुढच्या वर्षी फौजी परत आला. शाळेपुढंच ट्रकमधून उतरला, डोक्यावर हिरवी पेटी. सकू रस्त्याकडं पाठ करून मातीत खेळत होती. "सकू!" त्यानं हाक मारली. पुन्हा मारली. मग हसून म्हणाला, "बापाले भुलली वाटते."

सकूची आई तोवर धावत आली होती. "तिले आयकू येत नाई. कागदात लिवलं होतं तं!"

"कागदात तं सर्व खुशाल होतं," तो म्हणाला.

तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. शाळेच्या पडवीत मी उभा होतो, तिकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी भर वर्गात ती नवऱ्याच्या पेटीतला पत्रांचा गठ्ठा घेऊन आली. टेबलावर ठेवला. "वाचा. आता आहे तसं वाचा." मी वाचलं. इकडील सर्व खुशाल. "दुसरं." इकडील सर्व खुशाल. पोरं टकामका बघत होती. शेवटचं वाचून झाल्यावर ती म्हणाली, "गुरुजी, मी इथी होती ना. मले काऊन नाई इचारलं?"

मी माफी मागायला लागलो.

"माफी ठेवा तुमच्यापाशी. मले अक्षर शिकवा."

नवऱ्याची सुटी संपेपर्यंत ती रोज पहिलीच्या पोरांत मांडी घालून बसली. पाटीवर इतका जोर लावायची की पेन्सिली मोडायच्या. माझ्याशी अक्षरापलीकडं एक शब्द बोलली नाही. मग नवऱ्याबरोबर पोरांना घेऊन पलटणीच्या गावी निघून गेली. पुन्हा मला ती दिसली नाही.

दोन वर्षांनी सासऱ्याच्या नावानं एक पत्र आलं. वेडीवाकडी अक्षरं, कागद जागोजागी फाटलेला. म्हातारा आता थकला होता, काठी टेकत पडवीत येऊन बसला. मी पत्र उघडलं.

'इकडे सर्व खुशाल नाई. सकूले शाळेत घेत नाईत. मी रोज जाऊन भांडून राह्यली. धाकट्याले ताप आहे. गुरुजी, मामाजीले हे जसंच्या तसं वाचून दाखवा. मी तिथी नाई म्हणून सांगून राह्यली.'

मी ते हलक्या आवाजात वाचलं. म्हाताऱ्याला नीट ऐकू गेलं नसावं. त्यानं मान पुढं केली. "खुशाल आहेत ना जी?"

"नाहीत," मी म्हटलं, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागलो, मोठ्यानं.