हॉस्पिटलचा चढ

हॉस्पिटलचा चढ सुरू व्हायच्या आधीच आई गाडीतून उतरते. "तू हो पुढे, तेवढंच वजन कमी," म्हणते. तिच्या गुडघ्यांसाठीच तर ही जुनी गाडी घेतली. "नुसतं पेट्रोल टाका नि चालवा," विकणारा म्हणाला होता. मग टायर झाले, बॅटरी झाली, विमा झाला. क्लचप्लेट तेवढी राहून गेली, आणि आता दोघं बसलो की गाडी चढ घेत नाही. मी एकटाच वर जातो. आरशात आई दिसते, कठडा धरून एकेक पाऊल टाकणारी. स्वस्तात घेतलेल्या वस्तूची उरलेली किंमत घरातलं कुणीतरी निमूट भरत असतं. वर पोचल्यावर ती बॉनेटवर हात टेकते, धाप ओसरू देते आणि मला विचारते, "फार दमली का रे बिचारी?"