नवरीच्या मागची जागा

तो सिनेमा बघायला आम्हाला मामानंच नेलं होतं. उत्तरेकडचा पोरगा, दक्षिणेकडची पोरगी, दोन्हीकडचे आईबाप आडवे, आणि शेवटी सगळे एकाच मांडवात नाचतात. मामा त्यासाठी कागलहून मुद्दाम कोल्हापुरात आला होता. पोरीचा बाप तोंड वाकडं करून पोराला सांबार वाढतो तेव्हा मामा खुर्चीत उड्या मारून हसला. शेवटी बापानं होकार दिला, तर त्यानं चक्क डोळे पुसले. "असं पायजे बघ!" म्हणाला.

पुढं दोन वर्षांनी मी घरात सांगितलं, आमच्या फाउंड्रीतला एक इंजिनिअर केरळचा आहे आणि मी त्याच्याशीच लग्न करणार. तेव्हा मामा म्हणाला, "शिनेमा येगळा, घर येगळं."

बाबा तयार होते. आईचं मात्र भावाशिवाय पान हलत नव्हतं. आमच्याकडं नवरीला मांडवात आणायचं ते मामानं, आणि मंगलाष्टका संपेपर्यंत तिच्या मागं उभं राहायचं तेही मामानंच. तो नसला की लोक नवरीकडं बघतच नाहीत, तिच्या मागच्या मोकळ्या जागेकडं बघतात.

माझ्या होणाऱ्या नवऱ्याला वाटलं, सिनेमातल्यासारखं आपण मामाचं मन जिंकू. मलाही वाटलं. इथंच आम्ही फसलो. मामाच्या मळ्यात मटणाचा बेत ठरला. तांबडा रस्सा त्यानं स्वतः केला आणि चटणी अशी घातली की पातेल्याजवळ नुसतं उभं राहिलं तरी ठसका लागत होता. हे केरळचं पावणं रडत पळणार, असा डाव. पावण्यानं वाट्यांवर वाट्या ओरपल्या आणि मोडक्या मराठीत म्हणाला, "मामा, अजून थोडं की." मामानं खूश होऊन पाठीवर थाप मारली. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "पोरगं एक नंबर हाय. पर आपलं न्हाय."

माझं डोकंच सटकलं. नापासच करायचं होतं तर परीक्षा कशाला घेतली? त्या तसल्या सिनेमांचा मला तेव्हापासून राग आहे. प्रेम करणाऱ्यांनी दारोदार मनं जिंकत हिंडायचं आणि मोठ्यांनी पाटावर बसून मार्क द्यायचे! मी तिथंच सांगून टाकलं, "मामा, आम्ही परवानगी मागायला आलो नव्हतो, जेवायला आलो होतो. आता लग्नाला या."

"येतो की," मामा म्हणाला. "पर मागं उभा ऱ्हाणार न्हाय."

आई कितीतरी दिवस कुढत राहिली. "पाय धर त्याचं, तुझं काय जातंय?" म्हणायची. मी धरले नाहीत. तारीख काढली, हॉल ठरवला, आणि मामाला पत्रिका मीच नेऊन दिली.

लग्नात मामा फेटा बांधून पहिल्या रांगेत बसला. नवऱ्याच्या मामाला कुणीतरी हातवारे करून विधी समजावला, तर तो बिचारा कमरेची पांढरी लुंगी, त्यांचं ते मुंडू, सावरत लगेच भाच्याच्या मागं जाऊन उभा राहिला. भटजींनी माइकवरून पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मामा हलला नाही. पुन्हा पुकारलं. अख्खा हॉल माना वळवून बघायला लागला. मी खोलीच्या दारात हार घेऊन उभी होते. एकटीनं चालत जायचं ठरवूनच आले होते. तरी पाय उचलेनात, खोटं कशाला बोलू?

नवरीच्या आईनं मंगलाष्टका ऐकायच्या नसतात. तिनं त्या वेळी तुळशीला पाणी घालत आत बसायचं असतं. आई तिथंच होती. ती कळशी तशीच ठेवून उठली, पदर खोचला आणि माझा दंड धरला. "पोर माझी हाय. चल."

आम्ही दोघी मांडवात आलो. आई माझ्या मागं उभी राहिली. बायकांत कुजबुज सुरू झाली, कुणीतरी "अगं, तू आत बस" असंही म्हणालं. मग मात्र मामा उठला, पडलेल्या चेहऱ्यानं पुढं आला आणि आईला म्हणाला, "व्हय बाजूला, मी उभा ऱ्हातो."

जन्मात ज्याला उलट शब्द बोलली नव्हती त्या भावाला आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे, दादा. पावणा म्हणून आलायस, पावण्यावानी जेवून जा."

भटजींनी आंतरपाट धरला. आईनं माझ्या खांद्यांवर हात ठेवले आणि शेवटची अक्षता पडेपर्यंत ते काढले नाहीत.