मोठ्या पंपाचा नारळ

आमचे हे, जयवंतराव, नंदेसरीच्या रंगाच्या कारखान्यात युनियनचे सेक्रेटरी. घरात साखरेचा डबा कुठे असतो ठाऊक नाही, पण कारखान्यात कुणाची रजा कापली ते तोंडपाठ. या दिवाळीला हे निवृत्त होणार, आणि महिनाभर घरात सुतक असल्यासारखं. कायम कामगार एकेक करून घरी गेले, त्यांच्या जागी ठेकेदाराची पोरं आली. ती सभासद होईनात. युनियनची पावती फाडली की ठेकेदार दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवतो, मग कोण धजावणार? "विमल, माझ्याबरोबर युनियनही संपणार," असं म्हणून हे ताट सरकवायचे. मी चिडायचे. अहो, भेंडीने तुमचं काय घोडं मारलंय?

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. जो पंप चालवतो त्यानेच नारळ फोडायचा, हा जुना रिवाज. पण पंप ठेकेदाराच्या पोरांकडे गेले तरी नारळ कायमवालेच फोडत राहिले. पोरं आपली मागे उभी, प्रसादापुरती. यंदा मोठ्या पंपापुढे नारळ ह्यांच्या हातात आला. ह्यांनी तो पीयूषला दिला. पीयूष ठेकेदाराचा माणूस, पण तो पंप कित्येक वर्षं तोच चालवतो. ठेकेदार समोरच उभा होता.

पीयूषने नारळ फोडला आणि ह्यांना म्हणाला, "काका, आता आमच्या पावत्या फाडा. सगळ्यांच्या एकदम. एकट्याला काढता येतं, अख्ख्या पाळीला कसं काढतील?"

त्याच संध्याकाळी पावत्या फाटल्या. दसऱ्याच्या सकाळी हे चहाही न घेता गेटवर जाऊन उभे राहिले. इकडे माझ्या जिवाला घोर. सणाच्या दिवशी पोरांच्या पोटावर पाय आला असता तर हा माणूस पुन्हा उभाच राहिला नसता. इथल्या रिवाजाप्रमाणे दसऱ्याची फाफडा-जलेबी आणून मी झाकून ठेवली आणि दारात येरझाऱ्या घालत बसले.

हे आले. चप्पल काढता काढता म्हणाले, "सगळे आत गेले."

हुश्श! मी खुर्चीत बसूनच घेतलं. ठेकेदाराने आधी खूप डोळे वटारले म्हणे, पण पोरांवाचून आत यंत्रं थांबलेली. शेवटी मान फिरवून वॉचमनला गुजरातीत म्हणाला, जवा दो, जाऊ दे त्यांना.

ह्यांनी आपला फाफडा संपवला, मग माझ्या वाटणीची जलेबीही. मी फाफड्याबरोबर आलेला कच्च्या पपईचा कीस, संभारो, चघळत बघत राहिले. महिनाभरात पहिल्यांदा ह्यांचं ताट रिकामं झालं होतं.