दुबराजची बियर आणि माझी कमेंट

माझा पटकन कोणावर विश्वास बसत नाही. हा दोष असेल तर असू द्या, याच दोषावर मी भिलाईच्या कारखान्यात एकतीस वर्षं नोकरी केली. प्रयोगशाळेत होते. बाहेरून येणारा कोळसा, चुनखडी, जे काही असेल ते तपासायचं आणि पास की नापास ते लिहायचं. माल पाठवणाऱ्या पार्टीचा माणूस हसत हसत यायचा. "मॅडम, धूप में आप क्यों परेशान होंगी, सॅम्पल मैं ही ले आया." असा गोड बोलणारा आला की मी आधी चपला घालायची आणि वॅगनकडे निघायची. नमुना वरवरचा घ्यायचा नाही, पोटात हात घालून घ्यायचा. चार ठिकाणचा घ्यायचा. तीन पुड्या करायच्या. एक त्यांची, एक आपली, आणि एक लाख लावून बंद, भांडण झालंच तर उघडायला. नव्या पोरींना मी हे इतक्यांदा सांगितलं की त्या माझ्या पाठीमागे माझी नक्कल करायच्या. मला माहीत होतं. करू द्या म्हटलं, नकलेतून तरी लक्षात राहील.

माझी मुलगी पुण्याची नोकरी सोडून भिलाईत जुनवानीच्या आमच्या घरी परत आली तेव्हा तिने वडिलांना एवढंच सांगितलं, "बाबा, एक वर्ष. नाही जमलं तर वापस पुण्याला." काय जमवायचं होतं, तर मोबाइलवर खाण्यापिण्याचे व्हिडिओ. दुर्गच्या जुन्या बाजारातली कचोरी, सुपेल्यातला चिला म्हणजे तांदळाचं धिरडं, कुठल्या ठेल्यावरचे गुपचुप म्हणजे पाणीपुरी. घरात आमच्याशी मराठी, कॅमेरा लावला की हिंदी, आणि मध्येच छत्तीसगढी असं फोडणीसारखं टाकायची. चांगलं ते चांगलं म्हणायची, वाईट ते तोंडावर वाईट. एका नावाजलेल्या ठेल्याचं तेल जुनं आहे असं तिने सांगून टाकलं तर तो आठ दिवस तिच्या नावाने खडे फोडत होता. पण लोक ऐकायला लागले. कुम्हारीच्या बसमध्ये अनोळखी बाया तिला ओळखायच्या. मी तोंडाने काही म्हणत नव्हते, पण मनातून मला ते वर्ष जमायलाच हवं होतं. एकुलती एक पोट्टी, दहा वर्षांनी घरी आली होती. तिने पुन्हा जाऊ नये, एवढंच मला वाटत होतं.

मग ती बियर आली.

कुम्हारीच्या पुढे, रायपूरच्या रस्त्यावर एकाने मोठं हॉटेल टाकलं होतं. तिथेच बियर बनते, काचेच्या मागे पत्र्याची चकचकीत मोठी पिंपं दिसतात, आणि तिथली खास बियर म्हणे दुबराज तांदळाची. आपल्या इथला वासाचा दुबराज. मालकाने मुलीला बोलावलं. मी विचारलं, "तुले कावून बोलावलं? पेपरात जाहिरात कावून नाही देत तो?"

"आई, दारूची जाहिरात करता येत नाही. कायदा आहे."

"अस्सं. म्हणजे त्याले बोर्ड लावता येत नाही, म्हणून तो तुमच्या तोंडावर लावून राहिला."

ती हसली. हे म्हणजे माझे यजमान, रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. ते पेपराच्या आडून म्हणाले, "अवो, तू पण जा मग. घे सॅम्पल." चिडवायला म्हणाले होते. मी खरंच गेले.

उद्घाटन दुपारचं होतं. माझ्या मुलीसारखे दहा-बारा जण आले होते, सगळ्यांच्या हातात फोन, दोघांनी तर दिवेही आणलेले. मालक प्रत्येकाला किती लोक बघतात ते पाहून खुर्ची देत होता. जास्तवाला पुढे, कमीवाला संडासाच्या बाजूला. ग्लास आले. नाव कॅमेऱ्याकडे येईल असे फिरवले. फेस छान दिसेपर्यंत एकानेही घोट घेतला नाही, आणि फेस बसला की वेटर नवा ग्लास आणायचा. एक मुलगा तर ग्लास ओठाला लावून "वाह, क्या स्मूद है" म्हणाला आणि ग्लास तसाच भरलेला खाली ठेवला. मी बाजूलाच बसले होते. "बेटा, पी नहीं?" विचारलं. "आंटी, मैं पीता नहीं." बाप्पा, म्हटलं, न पिता स्मूद कळते याला. मी स्वतः चमचाभर चाखली, कडू लागली, तो भाग सोडा.

हात धुवायला म्हणून मागे गेले तर गोदामाचं दार अर्धं उघडं. आत गोण्यांची थप्पी. एक गोणी कोपऱ्याला फाटलेली होती आणि तिच्यातून तांदूळ सांडला होता. तांदूळ कसला, कनकी. तुकडा. आम्ही चिमण्यांना टाकतो तो. दारातूनच दिसत होतं, हातच्या काकणाला आरसा कशाला. दुबराज म्हणून हा कनकी उकळून राहिला, आणि बाहेर बारा जण वाह वाह करून राहिले.

परत येताना गाडीत मी म्हटलं, "हा दुबराज-बिबराज काही नाही."

मुलगी गाडी चालवत होती. "आई, तुले ना, सगळेच चोर दिसतात."

बस्स. माझं डोकं फिरलं. एकतीस वर्षं ज्या नजरेचा पगार घेतला, त्या नजरेची पोटच्या पोरीने अशी किंमत करावी. मी गोण्यांचं बोललेच नाही. म्हटलं, बघ तू. पडशील तेव्हा कळेल. जुनवानी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले.

चार-पाच दिवसांनी तिचा व्हिडिओ आला. त्यात ती साफ म्हणाली, यात खरा दुबराज आहे, मी बघून आले आहे. मला धक्काच बसला. ही पण त्या न पिणाऱ्या मुलासारखीच झाली की काय. फुकटचा एक ग्लास आणि पुढची खुर्ची, एवढ्यात विकली गेली माझी पोरगी? सांगायला हवं होतं तिला, समोर बसवून. पण घरचं बोलणं तिला टोचत नव्हतं. बाहेरच्याने टोचलं तर सावध होईल, असं माझ्या शहाण्या डोक्याने ठरवलं. दुपारी ती बाहेर गेली होती. मी जास्वंदीच्या फुलाचा फोटो लावून एक खोटं खातं उघडलं आणि तिच्या व्हिडिओखाली लिहिलं, "पीछे के गोदाम में जाकर देखो, दुबराज नहीं, कनकी भरी है." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी खाली आणखी एक ओळ लिहिली, "मैडम को मुफ़्त की मिली है, ज़बान तो फिसलेगी ही."

मला वाटलं होतं ती वाचेल, दचकेल, पुसून टाकेल. तिने पुसली नाही. कोणाची वाईट कमेंट ती पुसतच नसे, तो तिचा नियम होता. संध्याकाळपर्यंत त्या दोन ओळींखाली शेकडो लोक जमले. गोदाम म्हटल्यामुळे सगळ्यांना वाटलं, आतल्या माणसानेच फोडलं. आणि उद्घाटनाला "वाह" म्हणणारे जे दहा-बारा होते, त्यातल्याच तिघांनी दुसऱ्या दिवशी पोल-खोल म्हणून व्हिडिओ टाकले. माझ्या कमेंटभोवती लाल गोल, बाजूला माझ्या मुलीचा चेहरा. तो "मैं पीता नहीं"वाला सगळ्यात जोरात ओरडत होता. त्यांना वाह पण चालते आणि थू पण चालते, लोक बघतात ना, झालं.

मुलगी जेवेनाशी झाली. सुपेल्यातला चिलेवाला, जो तिला बेटी म्हणायचा, तोही म्हणाला, "अब इधर वीडियो मत बनाओ बेटी, लोग मुझे भी बिका हुआ बोलेंगे." ते तिला फार लागलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, कडू आहे पण औषध आहे, पुढे तरी शिकेल. असं म्हणून मी दोन दिवस बरी झोपले, हे खरं सांगते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. ती आली, ओट्यावर डब्याला टेकवून फोन उभा केला आणि म्हणाली, "आई, तू बोल ना कॅमेऱ्यासमोर. तू लॅबवाली. माह्यावर नाही, पण तुह्यावर विश्वास ठेवतील लोक."

"मी काय बोलू?"

"एवढंच की कनकी म्हणजे खोटं नसते. अगं, ती दुबराजचीच कनकी आहे. बियरमध्ये अख्खा तांदूळ कोण टाकते? मी उद्घाटनानंतर दोनदा न सांगता गेली होती, आपल्या पैशाने बिल देऊन. ज्या मिलमधून गोणी येते तिथं पण गेली. गोणीत हात घालून वास घेतला. तूच शिकवलं ना, पोटातून घ्यायचं."

माझ्या हातातली भाजी विळीवर तशीच राहिली. दुबराजचा वास भिलाईतल्या कुठल्या बाईला कळत नाही? एका घरात शिजला तर चार घरांना कळतो. आणि मी त्या गोदामाच्या दारात उभी होते, दहा पावलांवर. आत गेले नाही, मूठभर उचललं नाही, नाकाला लावलं नाही. वरवरचं बघितलं आणि नापास लिहून मोकळी झाले. लॅबमधल्या पोरीने असं केलं असतं तर मी तिला तासभर उभं करून झापलं असतं.

फोन चालूच होता. मी त्याच्याकडे बघून म्हटलं, "वो कमेंट मैंने लिखी थी. मैं इसकी माँ हूँ. मैंने बोरी को हाथ भी नहीं लगाया था."

तिने रेकॉर्डिंग बंद केलं नाही. मला विचारलं, "दुसरी ओळ पण तूच लिहिली?"

"हाव."

ती बाहेर निघून गेली. रडली असती तर बरं वाटलं असतं मला. यांना कळलं तेव्हा हे पेपर खाली ठेवून म्हणाले, "आपलेच दात अन् आपलेच ओठ."

तो व्हिडिओ तिने टाकला. एक शब्द न कापता. काही लोकांनी माफ केलं, पण बरेच जण म्हणाले, आईला उभं केलं, सगळं ठरवून आहे, मम्मीला पण बियर मिळाली वाटतं. मी प्रत्येकाला उत्तर देत बसले, माझ्या खऱ्या नावाने. कोणी मानलं नाही. मी तरी कुठे मानलं असतं? बियरवाल्याचं मात्र काही बिघडलं नाही, उलट भांडण बघून गर्दी वाढली म्हणतात.

वर्ष संपलं आणि ती पुण्याला गेली. दुर्ग स्टेशनवर सोडायला दोघंही गेलो होतो. तिने पाया पडताना नेहमीसारखंच माझ्या पायाला हात लावला, काही कमी-जास्त नाही. मी तिला थांब म्हणू शकले नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार?

ती तिकडूनही व्हिडिओ करते, सुट्टीच्या दिवशी. लोक आहेत थोडेफार. कधी खाली एखादी वाकडी कमेंट आली, नाव नसलेली, फुलाच्या नाहीतर देवाच्या फोटोवाली, की तिचा फोन येतो. आधी जेवलीस का, बाबांचं बीपी कसं आहे, असं सगळं विचारते. मग हसत हसत म्हणते, "आई, ही तू नाही ना?"

"नाही गं," मी म्हणते.

"नक्की ना?" ती परत विचारते. मी फोन कानाला धरून उभी राहते.