बंदुकीची बाजू, बोलण्याची बाजू

अमळनेरच्या कॉलेजात मी शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा धुळ्याच्या वादविवाद स्पर्धेचा विषय आला: ‘इस्लामी दहशतवादाशी लढताना लष्करी बळच प्रभावी, मुत्सद्देगिरी नव्हे.’ चिठ्ठीत मला विरोधी बाजू मिळाली. माझे वडील, नाना, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. शिंदखेड्याला घरी जाऊन हे कसं सांगावं, याच विचारात मी होते.

नाना अंगणात सायकलची चेन बसवत होते. त्यांनी ऐकून घेतलं, हात पुसले आणि काश्मीरमधली एक सकाळ सांगितली. एका घराला त्यांच्या तुकडीनं वेढा दिला होता. आत एक हत्यारबंद पोरगा. अधिकाऱ्यानं गोळीबार थांबवून त्याच्या आईला बोलावलं. ती दाराशी तासभर बोलत राहिली आणि पोरगा हात वर करून बाहेर आला.

“बंदूक होती म्हनीसन तो बाहेर उना,” नाना आपल्या अहिराणीत म्हणाले, “पन माय बोलनी म्हनीसन जित्ता उना.”

धुळ्यात मी हाच प्रसंग सांगितला. मला वाटलं, जिंकले.

माझ्यासमोर धुळ्याचीच एक मुलगी होती, मुसलमान, वडिलांचं यंत्रमागाचं काम. ती उठली आणि म्हणाली, “प्रसंग सुंदर आहे, पण ही मुत्सद्देगिरी नाही. ती आई दाराशी बोलू शकली, कारण घराला फौजेचा वेढा होता. माझ्या मैत्रिणीनं माझीच बाजू मांडली आहे.” टाळ्या पडल्या. पहिलं बक्षीस तिला, दुसरं मला.

नंतर कँटीनमध्ये मीच तिच्या टेबलाशी गेले. “तुला स्वतःला हे पटतं का?” मी विचारलं.

“अर्धं,” ती म्हणाली. “चिठ्ठीत ही बाजू आली तेव्हा आमच्या सरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी बोलण्याच्या बाजूनं उभी राहिले असते, तर लोकांनी आधी माझं नाव ऐकलं असतं, मग मुद्दा. तू फौजीची मुलगी. तू काहीही बोललीस तरी तुझ्यावर कुणी शंका घेत नाही.”

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला लाजही वाटली आणि थोडा रागही आला, कुणावर ते कळेना.

दोन महिन्यांनी जळगावला जवळपास तोच विषय होता. या वेळी बाजू आपली आपण निवडायची होती. मी तिला फोन केला. “बाजू बदलू या.”

ती म्हणाली, “चालेल. पण सवलत द्यायची नाही.”

दिली नाहीच. माझ्या भाषणात मी म्हटलं, बोलायला बसलेल्याच्या मागे ताकद नसेल, तर समोरचा चहा पिऊन उठून जातो. नाना तिसऱ्या रांगेत होते. त्यांनी मान हलवली.

मग ती उभी राहिली. मागून कुणीतरी ऐकू येईल असं म्हणालं, “हिला हीच बाजू पाहिजे होती.”

ती आवाज जराही न चढवता म्हणाली, “हो, ही बाजू मी मागून घेतली आहे. या दहशतवाद्यांनी मशिदीत नमाज पढणाऱ्यांनाही मारलं आहे. त्यांचं दुकान बंद व्हावं, याची घाई मला तुमच्याहून कमी नाही. पण त्यांना पैसा कुठून येतो, आसरा कोण देतो, हे तोफेनं सुटत नाही. त्यासाठी दुसऱ्या सरकारांसमोर पुरावे ठेवावे लागतात, त्यांना एकटं पाडावं लागतं. ते काम संथ आहे. संथ म्हणजे भित्रं नव्हे.”

पहिलं बक्षीस तिलाच मिळालं, मला तिसरं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. फौज लागते, हे मी तेव्हाही मानत होते, आजही मानते. पण फौजेनं मिळवलेला वेळ कुणीतरी बोलण्यात खर्च करायला हवा, हे मला त्या दुपारी पक्कं कळलं.

नाना तिला भेटायला पुढे गेले. “बेटा, आसऱ्याचं बोललीस ते खरं शे. पण डोंगरात बंदूक घेऊन बसलेल्या माणसाचं काय?” तिनं लगेच उत्तर दिलं. नानांनी हरकत घेतली. बसस्टँडपर्यंत दोघांचं तेच चाललं होतं. धुळ्याच्या बसमध्ये ते एका बाकावर बसले, आणि मी मागच्या खिडकीशी एकटी बसून ऐकत राहिले.