उठली की फोन कर

फोन आला तेव्हा मी नेहरू नगरात हायवेलगतच्या भाजीवाल्यापाशी दुधी निवडत उभी होते. फोन रेचलचा, म्हणजे एस्तेरबाईंच्या मुलीचा. महिनाभर एस्तेरबाईंच्या हाडांत शिरलेल्या दुखण्यानं त्यांच्या डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता, त्यामुळे आमचं रोजचं पहिलं बोलणं झोपेचंच असे. "काकू, मम्मी झोपली..." रेचल म्हणाली, आणि पुढचा शब्द एका ट्रेलरच्या हॉर्नखाली गेला. मला इतकं बरं वाटलं! "झोपू दे वं," मी म्हटलं, "किती दिसाची जागरणं आहेत. उठली की फोन कर. पेज करूनच ठेवली आहे." मग "जी काकू" म्हणून तिनं फोन ठेवला. दुपार झाली तरी फोन नाही, म्हणून मी पेजेचा डबा घेऊन ऑटोनं त्यांच्याकडे गेले, तर दाराबाहेर चपलाच चपला. त्यांच्या चर्चच्या मंडळीचे पाळक पुढं आले आणि हळूच म्हणाले, "सकाळीच प्रभूमध्ये झोपल्या." तेव्हा कळलं, हॉर्नखाली कोणता शब्द गेला होता. ख्रिस्ती घरात माणूस मेला असं म्हणत नाहीत, प्रभूमध्ये झोपला म्हणतात. मी तो गरम डबा धरून तशीच उभी राहिले. तो कुठं ठेवावा, हेसुद्धा सुचेना.

आमची ओळख भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या सेक्टरातल्या क्वार्टरमधली. भिंतीला भिंत. दोघींचे नवरे प्लांटमध्ये. माझं माहेर भंडाऱ्याकडचं, त्यांचं अचलपूरकडचं. मी पतपेढीत कर्जविभागात कारकून, त्या शाळेत हिंदी शिकवायच्या. दिवसभर मुलांची हिंदी सुधारायची आणि पहाटे नळ यायच्या आधी जेवणाच्या टेबलाशी बसून मराठीत कथा लिहायच्या, हा त्यांचा नेम. भिलाईत मराठी वाचणारं माणूस शोधावं लागतं. त्यांना भिंतीपलीकडेच मी सापडले. पहिली कथा त्यांनी मोठ्या आशेनं माझ्या हातात दिली. दारू सोडून प्रभूकडे वळलेल्या याकोब नावाच्या माणसाची कथा होती आणि शेवटचं वाक्य होतं, 'त्या दिवशी याकोबचं तारण झालं.' मी दिवसभर तारण आणि जामीन यांतच बुडालेली बाई. मी सरळ विचारलं, "बाई, यानं तारण ठेवलं काय? घर का दागिने?" हसता हसता त्या पायरीवर बसल्या. पुढं कुणाशी ओळख करून देताना म्हणायच्या, "ही कुंदा. हिले उद्धार सांगा, हे गहाणखत मागते."

त्यांच्या कथा एका मिशनच्या छोट्या छापखान्यातून निघत. पातळ पुस्तकं, नाताळात चर्चच्या आवारात टेबलावर मांडलेली. सगळ्या कथांत माणसं संकटात सापडत, प्रार्थना करत, आणि शेवटच्या पानावर दारावर थाप पडे. कधी डॉक्टर येई, कधी हरवलेला मुलगा, कधी नुसती चांगली बातमी. मी चिडवायची, "बाई, तुमच्या गोष्टीत दार वाजलं की मी पुस्तक बंद करतो. पुढचं मले माहीतच आहे." त्या रागवत नसत. "वाजतेच दार," म्हणायच्या, "तुमी लोकं उघडत नाही, त्याले मी काय करू?" नवरा गेला तेव्हाही त्या असंच बोलायच्या. दोन्ही मुलांना त्यांनी एकटीनं वाढवलं, आणि पहाटेचं लिहिणं एकदाही चुकवलं नाही.

मग आनंद गेला. रेचलचा धाकटा भाऊ. हथखोजच्या एका लहानशा कारखान्यात भट्टीवर लागला होता, तिथंच भाजला. दवाखान्यात तो पडून होता तेवढे दिवस सगळी मंडळी आळीपाळीनं उपास-प्रार्थना करत होती, आणि एस्तेरबाई वॉर्डाबाहेरच्या बाकावर शास्त्र, म्हणजे बायबल, मांडीवर घेऊन दाराकडे बघत बसायच्या. मीही बघायची. मला आपली त्यांच्याच कथांची सवय लागली होती... दार उघडलं, ते पोराला कपड्यात गुंडाळून बाहेर आणायलाच. पाळक म्हणाले, प्रभूमध्ये झोपला. बाईंनी मान हलवली, पण डोळ्यांत टिपूस नव्हतं. मातीच्या दिवशी मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तुमच्या देवाचं एका पोरावाचून काय अडलं होतं?" त्यांनी उत्तर दिलं नाही. त्याचं मला आजही बरं वाटतं, कारण त्या वेळी त्यांनी मला शास्त्रातलं वचन ऐकवलं असतं तर मी पुन्हा त्यांचं तोंड बघितलं नसतं.

त्यानंतर पहाटे टेबलाशी दिवा लागेना. एरवी माझ्या खिडकीतून त्याचा उजेड अंगणात पडलेला दिसायचा. पावसाळा आला, गेला, आणि एका पहाटे दिवा दिसला. मी तशीच धावत गेले. त्या लिहीत होत्या. मी दारातूनच विचारलं, "पटलं का देवाशी?" मान वर न करता म्हणाल्या, "बोलणं बंद आहे. लिहिणं चालू आहे." माझ्या परीनं सांगते, श्रद्धेबद्दल याहून खरं वाक्य मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

ती कादंबरी होती. कारखान्यांच्या गावात राहणाऱ्या एका आईची, जिचा मुलगा भाजून दवाखान्यात पडला आहे. शेवटचं प्रकरण सोडून सगळं लिहून झालं. छापखान्यानं विनंती केली, मुलगा बरा होऊन घरी आला असं दाखवा, नाहीतर वाचणाऱ्यांचा विश्वास डळमळेल. बाईंनी तसं लिहूनही पाहिलं. दारावर थाप, दारात मुलगा. मला वाचून दाखवताना मधेच थांबल्या आणि कागद टराटरा फाडले. "लबाडी आहे हे, कुंदा. माझा कुठं आला?" मी म्हटलं, मग मरू द्या त्याले, जे झालं ते लिहा. तर म्हणाल्या, "तेही अर्धंच खरं आहे वं." छापखान्यानं पुस्तक बाजूला ठेवलं. बाईंनी नाही ठेवलं. आम्ही इकडं नेहरू नगरात राहायला आलो, त्या निवृत्त झाल्या, रेचलच्या घरी गेल्या, दुखणं आलं, आणि तेच एक प्रकरण पहाटे पहाटे चालूच राहिलं. चर्चमध्ये जायच्या, शेवटच्या बाकावर बसायच्या, गाणी म्हणायच्या नाहीत. पण एक रविवार चुकवला नाही.

लिहिण्याची त्यांची एक खोड होती. दिवसाचं शेवटचं वाक्य त्या कधी पुरं करत नसत, मधेच सोडून उठायच्या. मी एकदा विचारलं, हे असं कावून? म्हणाल्या, "उद्या उठाले काहीतरी निमित्त पाहिजे का नाही?" आनंद गेल्यावर त्या वाक्यातली थट्टा गेली, नेम तेवढा उरला. मी त्यांना शेवटची भेटले तेव्हा उश्या लावून बसवलं होतं, बोटं सुजलेली, पेन नीट धरवत नव्हतं. मी म्हटलं, "सापडला का शेवट?" "सापडला वाटते," त्या म्हणाल्या. "उद्या पाहू." तो उद्या म्हणजे त्या दुधीच्या दिवसाची सकाळ.

वाईट वाटतं, आणि रागही येतो. इतकी वर्षं एका दाराशी तिष्ठत बसलेल्या बाईला आणखी एक सकाळ देता आली नसती? हा प्रश्न मी कुणाला विचारते आहे, ते मला ठाऊक नाही. माझं त्यांच्या देवाशी कधी बोलणंच नव्हतं.

मागच्या रविवारी रेचलनं बोलावलं. पलंगाशी ओढलेलं बाईंचं टेबल तसंच होतं. शाळेतल्या जुन्या उत्तरपत्रिकांची कोरी पानं, चष्मा, टोपण न लावलेलं पेन. फोनवरच्या माझ्या बोलण्याची मी माफी मागायला लागले, तर तिनं मला थांबवलं. "काकू, त्या दिवशी सगळ्याईनं मले धीर धर म्हटलं. तुमी एकट्याच म्हटलं, उठली की फोन कर." मग तिनं वरचं पान माझ्यापुढं सरकवलं. वाकडं, थरथरतं अक्षर. 'कुणी दार वाजवलं नव्हतं, तरी आईनं उठून कडी काढली आणि'

पुढं काही नाही. रेचल म्हणाली, छापखानेवाले आता तयार आहेत, एवढं वाक्य कुणी पुरं केलं तर. "मले मराठी लिखना नहीं आता, काकू. तुमी तर सगळं वाचलं आहे मम्मीचं. तुमी करा ना." तिनं पेन उचलून माझ्या हातात दिलं. कडी निघाली होती. पलीकडे कोण आहे, कोणी आहे की नाही, हे त्या बाईंनाच ठाऊक होतं, आणि मला खोटं लिहायचं नव्हतं. मी पेन होतं तिथं ठेवलं, टोपण न लावता.

"राहू दे," मी म्हटलं. या वेळी माझं ऐकण्यात काही चुकलं नव्हतं. "उठली की लिहील."